फ्रेंच ताट आणि महाबळेश्वरचा वाफा

उंची फ्रेंच भोजनगृह ही दक्षिण मुंबईची जुनी हौस. कुलाबा, नरिमन पॉइंट, वरळी या धनिक वस्त्यांत ती रुजली आणि तिचा खर्च झेपणारे मोजकेच असूनही टिकून राहिली. या ताटाशी सातारा जिल्ह्यातल्या महाबळेश्वरचे नाते मात्र फारसे कुणाच्या ध्यानात येत नाही.

ऑग्युस्त एस्कोफिए (1846–1935) या बल्लवाचार्याने फ्रेंच पाककलेला आजची शिस्त लावली. स्वयंपाकघराची विभागणी करून सॉस, भाजणी, थंड पदार्थ आणि मिष्टान्न यांची जबाबदारी त्याने वेगवेगळ्या हातांत दिली. 1903 मध्ये आलेला त्याचा पाकग्रंथ आजही हॉटेल व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांना चुकत नाही. त्याची कारकीर्द बहरली ती लंडनच्या सॅव्हॉय आणि कार्लटन हॉटेलांत. इंग्रज साहेब फ्रेंचांशी लढला, पण औपचारिक मेजवानीची यादी त्याने फ्रेंच भाषेतच छापली. हिंदुस्थानात आलेल्या साहेबानेही हा रिवाज सोडला नाही.

महाबळेश्वर हे त्याच साहेबाचे उन्हाळी ठाणे. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या कारकिर्दीत, 1828 च्या सुमारास, ते वसले. बाजारपेठेला माल्कम पेठ हे नाव त्याच्यावरूनच पडले. साहेबाच्या टेबलाला विलायती भाजी हवी होती. ती पिकवण्यात मोठा वाटा होता तो मलाया-सिंगापूरकडून शिक्षा भोगण्यासाठी इथे आणलेल्या चिनी कैद्यांचा. त्यांनी बटाटा व इतर भाज्यांची लागवड केली, वेताच्या टोपल्या विणण्याचे काम केले. महाबळेश्वरच्या बाजारात आजही दिसणारी गाजरे आणि लाल मुळे पाहताना या कैद्यांची आठवण क्वचितच कुणाला होते. आणि मराठी घरातली ‘फरसबी’ म्हणजे तरी काय? ‘फ्रेंच बीन’चेच हे देशी रूप.

स्वातंत्र्यानंतर फ्रेंच पद्धतीचे भोजन पंचतारांकित हॉटेलांत स्थिरावले. ताजमहाल हॉटेलच्या नव्या इमारतीच्या माथ्यावर ‘रान्देव्हू’ होते. 1989 मध्ये त्याच हॉटेलात ‘झोडियाक ग्रिल’ सुरू झाले. प्रारंभी तिथल्या यादीवर दरच छापलेले नसत. पाहुण्याने योग्य वाटेल ती रक्कम द्यावी, अशी पद्धत होती. दाम विचारणे ज्यांना कमीपणाचे वाटते त्यांच्यासाठी याहून धूर्त योजना शोधून सापडणार नाही! कामेम्बेर चीजचा ‘दारिओल’ हा तिथला नावाजलेला पदार्थ. हेमंत ओबेरॉय यांच्या नावाशी जोडलेले हे दालन पुढे 2010 च्या दशकात बंद झाले. एव्हाना ओढा लहान जागांकडे वळला होता. 2010 मध्ये पॅरिसहून शिकून आलेल्या पूजा धिंग्रा यांनी ‘ले फिफ्टीन’ ही मॅकरॉनची पातिसरी सुरू केली. पुढे वरळी कोळीवाड्याच्या वेशीवर ‘स्लिंक अँड बार्डो’ हे फ्रेंच वळणाचे भोजनगृहही आले.

सामग्रीपैकी लोणी, चीज आणि वाइन यांचे देशी पर्याय हळूहळू उभे राहिले. नारायणगावला शामराव चौगुले यांच्या इंडेज कंपनीने फ्रेंच तंत्रसाहाय्याने शॅम्पेनच्या पद्धतीची फेसाळ वाइन काढली. ती कंपनी पुढे कर्जात बुडाली. 2013 मध्ये फ्रान्सच्या मोएट हेनेसीने नाशिकजवळ दिंडोरीत ‘शांदों’ची वाइन आणली.

मिष्टान्नात मात्र महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी अढळ. देशातले बहुतांश पीक महाबळेश्वर-पाचगणी पट्ट्यात येते आणि 2010 मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. मातृरोपे परदेशातून येतात. वाईकडच्या रोपवाटिकांत त्यांना धुमारे फुटतात. पाऊस ओसरला की सप्टेंबर-ऑक्टोबरात रोपे गादीवाफ्यावर लावली जातात. नोव्हेंबरअखेरीपासून एप्रिलपर्यंत तोडणी चालते. हे फळ एकदा देठावरून तोडले की आणखी गोड होत नाही. आंब्यासारखी अढी लावण्याची सोय नाही. मिठाईच्या आचाऱ्याला हवे पूर्ण लाल, देठापर्यंत पिकलेले फळ. पण अडीचशे-पावणेतीनशे किलोमीटरचा, पसरणीच्या घाटाचा प्रवास सोसायचा तर ते वरच्या बाजूला पांढुरके असतानाच तोडावे लागते. त्यामुळे मुंबईच्या टेबलावर उंची दर देऊनही जी गोडी मिळत नाही, ती भिलारच्या शेतात उभ्याउभ्या खाणाऱ्याला मिळते. टिकाऊ, कडक गराचे वाण शेतकरी निवडतो ते बाजारासाठी. चवीचा बळी तिथेच जातो.

हॉटेलांवरचे हे अवलंबित्व किती नाजूक, हे मार्च 2020 मध्ये उघड झाले. करोनाच्या टाळेबंदीत हॉटेले, आइस्क्रीमची दुकाने आणि पर्यटकांची वाहने एकाच वेळी थांबली, तेव्हा शेतात फळ लगडलेले होते. वाहतूक नाही, गिऱ्हाईक नाही, शीतगृहात जागा नाही. जिल्ह्यात काही शेतकऱ्यांनी तोडलेली स्ट्रॉबेरी गाई-गुरांपुढे टाकली. जॅम आणि सिरप बनवणारे प्रक्रिया उद्योग या भागात पूर्वीपासून आहेत, पण ताज्या फळाला मिळणारा दर प्रक्रियेच्या फळाला मिळत नाही. म्हणूनच अनेक बागायतदारांनी रस्त्यालगत स्वतःचे स्टॉल मांडले आहेत: वाटीत तोडलेली स्ट्रॉबेरी, वर घट्ट साय. एस्कोफिएच्या यादीत ती ‘फ्रेझ आ ला क्रेम’ म्हणून शोभली असती.