विद्युत मोटारीच्या घरगुती चार्जिंगचा खर्च

विद्युत मोटारीच्या घरगुती चार्जिंगचा खर्च म्हणजे मोटारीची बॅटरी घरच्या वीजजोडणीवर भरल्यामुळे वीजबिलात पडणारी भर आणि त्या सोयीसाठी वायरिंग, मीटर वा मंजूर भार यांवर एकदाच करावा लागणारा खर्च. भारतात विजेचे दर त्या त्या राज्याचा विद्युत नियामक आयोग ठरवतो. त्यामुळे तीच मोटार तेवढेच अंतर धावली, तरी निरनिराळ्या राज्यांत, किंबहुना एकाच इमारतीतील दोन घरांत, तिचा खर्च वेगवेगळा येतो. या लेखातील हिशेब महाराष्ट्रातील महावितरणच्या घरगुती ग्राहकांसाठी आणि २०२४-२५ च्या दरांनुसार आहेत.

विजेची मोजणी

मोटारीच्या बॅटरीची क्षमता किलोवॅट-तासांत सांगतात. वीजबिलातील एक युनिट म्हणजेच एक किलोवॅट-तास. टाटा टियागो या मोटारीच्या विद्युत आवृत्तीत १९.२ आणि २४ युनिट क्षमतेच्या बॅटऱ्या आल्या. २०२० मध्ये आलेल्या विद्युत नेक्सॉनची बॅटरी ३०.२ युनिटांची होती. या नेक्सॉनचा प्रमाणित पल्ला ३१२ किलोमीटर, म्हणजे युनिटमागे दहा किलोमीटरांहून अधिक. मात्र प्रमाणित पल्ला ठरावीक चाचणीत मोजलेला असतो. रहदारी, घाट, वातानुकूलन आणि महामार्गावरील वेग यांमुळे प्रत्यक्षात तो बराच कमी भरतो. लहान मोटारीसाठी युनिटमागे सात किलोमीटर धरणे व्यवहाराला धरून आहे.

दुसरी गोष्ट सहसा विसरली जाते. घरातील वीज प्रत्यावर्ती असते, तर बॅटरीत एकदिश वीज साठते. या रूपांतरात आणि बॅटरी भरताना होणाऱ्या उष्णतेत साधारण १० ते १५ टक्के वीज खर्ची पडते. मीटर मोजतो ती भिंतीतून घेतलेली वीज. बॅटरीत पोहोचलेली नव्हे. महिन्याला १,००० किलोमीटर धावणाऱ्या मोटारीला बॅटरीतून सुमारे १४३ युनिटे लागतात, पण बिलात सुमारे १६० युनिटे येतात.

दरांचे टप्पे

घरगुती दर ०-१००, १०१-३००, ३०१-५०० आणि ५०० च्या वर अशा चार टप्प्यांत चढत जातात. वीज आकार आणि वहन आकार मिळून २०२४-२५ मध्ये हे दर युनिटमागे अनुक्रमे सुमारे ५.९०, ११.५०, १५.७० आणि १७.८० रुपये होते. त्यावर १६ टक्के वीज शुल्क लागते. स्थिर आकार आणि वेळोवेळी बदलणारा इंधन समायोजन आकार पुढील हिशेबात धरलेला नाही.

जाहिरातींत आणि गप्पांत हिशेब चुकतो तो येथेच. दिवे, पंखे, फ्रिज यांनी खालचा स्वस्त टप्पा आधीच व्यापलेला असतो. मोटारीची युनिटे त्याच्या वर रचली जातात. म्हणून मोटारीचा खर्च पहिल्या टप्प्याच्या दराने काढणे चूक, आणि एकूण बिलाला एकूण युनिटांनी भागून आलेल्या सरासरीने काढणेही चूकच. मोटारीविना येणारे बिल आणि मोटारीसह येणारे बिल यांतील फरक हाच खरा खर्च.

उदाहरणार्थ, एका घराचा मूळ वापर १४० युनिटे आहे. मोटारीची १६० युनिटे मिळवल्यावर एकूण ३०० होतात आणि सारी भर दुसऱ्या टप्प्यात पडते. वीज शुल्कासह ती सुमारे २,१३० रुपये, म्हणजे किलोमीटरमागे २ रुपये १३ पैसे. शेजारच्या घराचा मूळ वापर २५० युनिटांचा असेल, तर मोटारीची ५० युनिटे दुसऱ्या आणि ११० युनिटे तिसऱ्या टप्प्यात जातात; भर सुमारे २,६७० रुपयांची होते. उन्हाळ्यात वातानुकूलन यंत्रांमुळे ज्या घराचा वापर आधीच ५०० युनिटांवर गेला आहे, तेथे हीच मोटार सुमारे ३,३०० रुपये घेते. पहिल्या टप्प्याच्या दराने केलेला हिशेब मात्र जेमतेम १,१०० रुपये दाखवतो.

इंधनाशी तुलना

पेट्रोल लिटरला १०४ रुपये आणि मोटार लिटरमागे १६ किलोमीटर धावते असे धरल्यास किलोमीटरला साडेसहा रुपये पडतात. वरील तिन्ही घरांत वीज त्याहून खूपच स्वस्त ठरते. सीएनजीशी तुलना मात्र इतकी एकतर्फी नाही. किलोला ७८ रुपये आणि २५ किलोमीटरचे अंतर धरले, तर खर्च किलोमीटरला ३ रुपये १२ पैसे येतो, म्हणजे तिसऱ्या घरातील विजेपेक्षा थोडा कमीच. गोव्यात घरगुती विजेचे दर महाराष्ट्राहून बरेच कमी असल्याने तेथे हा प्रश्न सहसा उद्भवत नाही.

वर्गवारी आणि वेळ

स्वतःची मोटार घरच्या मीटरवर भरल्यास घरगुती दरच लागू होतो. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने २०१८ मध्ये चार्जिंग केंद्रांसाठी स्वतंत्र वर्गवारी केली. तीत वापरानुसार चढणारे टप्पे नाहीत. म्हणून गृहनिर्माण संस्थेने वाहनतळासाठी अशी वेगळी जोडणी घेतल्यास अधिक वापराच्या सभासदांना ती परवडू शकते. त्या जोडणीचा स्थिर आकार मात्र हिशेबात धरावा लागतो.

रात्री वीज स्वस्त असते, हा समज घरगुती ग्राहकांबाबत सरसकट खरा नाही. साध्या मीटरवर दिवसाचा आणि रात्रीचा दर एकच असतो. स्मार्ट मीटर बसवलेल्या घरगुती ग्राहकांना जुलै २०२५ पासून सवलत मिळू लागली ती सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतील वापरावर. नोकरदाराची मोटार नेमकी त्या वेळी घराबाहेर असते.

एकदाच येणारा खर्च

मोटारीसोबत येणारा साधा चार्जर १५ अँपिअरच्या सॉकेटवर सुमारे ३.३ किलोवॅट वीज घेतो. २४ युनिटांची बॅटरी त्यावर भरण्यास आठ-नऊ तास लागतात. गिझर काही मिनिटे चालतो, चार्जर रात्रभर. त्यामुळे जुन्या वायरिंगवर भरवसा न ठेवता मीटरपासून स्वतंत्र तांब्याची वायर, योग्य एमसीबी, गळतीरोधक स्विच आणि चांगले अर्थिंग करून घ्यावे लागते. सदनिकांत मीटरपासून वाहनतळापर्यंतचे अंतर लांब असल्यास या कामाचा खर्च बराच वाढतो. ७.२ किलोवॅटचा भिंतीवरील चार्जर घ्यायचा असल्यास बहुधा मंजूर भार वाढवावा लागतो, आणि जोडणी तीन फेजची झाली तर दरमहाचा स्थिर आकारही वाढतो.

छतावर सौर संच असल्यास गणित बदलते. ३ किलोवॅटचा संच दिवसाला सरासरी १२ युनिटे, म्हणजे महिन्याला सुमारे ३६० युनिटे देतो. २०२४ च्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत अशा संचाला ७८,००० रुपयांपर्यंत केंद्रीय अनुदान आहे. नेट मीटरिंगमुळे दिवसा ग्रिडला दिलेली वीज रात्रीच्या चार्जिंगपोटी वळती होते आणि बिलातून प्रथम वरच्या, महागड्या टप्प्यातील युनिटे कमी होतात.