साखर कधी मोजली?

आमरसाच्या वाटीत चमचाभर साजूक तूप सोडायचे, म्हणजे आंबा बाधत नाही, हे आपल्याकडे कोणाला शिकवावे लागत नाही. कच्च्या आहाराच्या एका पंथाला मात्र ही वाटी पाहून घाम फुटेल. अमेरिकेतले डग्लस ग्रॅहॅम यांनी २००६ मध्ये '८०/१०/१०' या नावाने जो आहार पुस्तकातून मांडला, त्यात किमान ८० टक्के उष्मांक कर्बोदकांतून, म्हणजे मुख्यतः फळांतून, घ्यायचे आणि स्निग्धांश १० टक्क्यांच्या वर जाऊ द्यायचा नाही. स्निग्धांश वाढला की फळातली साखर रक्तातच रेंगाळते, असे त्यामागचे कारण. कच्च्या आहाराचीच दुसरी शाखा काजूचे 'चीज', बदामाचे दूध, ओले खोबरे आणि ॲव्होकॅडो यांवर पोसलेली आहे, आणि स्निग्धांशाने साखर ताब्यात राहते असे ती छातीठोकपणे सांगते. दोन्ही बाजू ग्लुकोमीटरचे आकडे पुढे करतात. आकडे बहुधा खरेच असतात. या विषयात नव्याने येणाऱ्याने त्यांना एवढेच विचारावे: साखर जेवणानंतर किती वेळाने मोजली?

पहिल्या दोन तासांवर जठराची सत्ता असते. जठरात काय चालते ते डोळ्यांनी पाहण्याची संधी विल्यम ब्यूमाँट या अमेरिकी लष्करी डॉक्टरला एका अपघाताने मिळाली. १८२२ मध्ये मॅकिनॅक बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन या तरुणाला जवळून बंदुकीचा बार लागला. तो वाचला, पण जठराला पडलेले भोक कायमचे राहिले. १ ऑगस्ट १८२५ रोजी ब्यूमाँटने रेशमी दोऱ्याला अन्नाचे तुकडे बांधून त्या भोकातून आत सोडले. त्यांत गोमांसाचे काही प्रकार होते, शिळा पाव होता, डुकराच्या चरबीदार मांसाचा कच्चा तुकडा होता आणि चिरलेला कच्चा कोबीही होता. तासाभराने दोरा ओढला तेव्हा कोबी आणि पाव निम्मे विरले होते, मांस जसेच्या तसे. (सेंट मार्टिन त्याच वर्षी कॅनडाला निघून गेला, यात नवल नाही.) तेलकट अन्न पचायला जड, हा निष्कर्ष ब्यूमाँटने १८३३ च्या आपल्या पुस्तकात नोंदवला.

कारण कळायला पुढे शतक लागले. स्निग्धांश लहान आतड्यात पोचला की आतड्याच्या अस्तरातून संप्रेरके सुटतात. त्यांतले कोलेसिस्टोकायनिन आयव्ही आणि ओल्डबर्ग यांनी १९२८ मध्ये ओळखले. ते पित्ताशय आकसवते आणि जठर रिकामे होण्याचा वेगही कमी करते. अन्न थोडे थोडे खाली उतरते, साखरेची चढण सौम्य होते. तासाभराने मोजणाऱ्याला तूप साखरेवरचा उतारा वाटते ते यामुळे. अर्थात चमचाभर तुपात जेमतेम ४-५ ग्रॅम स्निग्धांश. त्याला फार मोठे श्रेय देऊ नये.

उशिरा उतरलेली साखर नाहीशी मात्र झालेली नसते. टाइप १ मधुमेहाच्या रुग्णांना इन्शुलिन मोजून घ्यावे लागते, त्यामुळे त्यांच्याकडून हे नेमके कळते. बोस्टनच्या जॉसलिन केंद्रातल्या २०१३ च्या अभ्यासात अशा रुग्णांना रात्रीची दोन जेवणे दिली. कर्बोदके आणि प्रथिने दोन्हींत सारखीच, स्निग्धांश एकात १० ग्रॅम, दुसऱ्यात ६० ग्रॅम. दुसऱ्या जेवणाला सरासरी ४२ टक्के जास्त इन्शुलिन लागले, आणि तरीही साखर अधिक चढली.

असे का होते, याचा शोध घेणाऱ्याला जीवरसायनशास्त्रज्ञ फिलिप रँडल यांच्यापाशी यावेच लागते. उंदराचे हृदय आणि श्वासपटल यांवर प्रयोग करून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये दाखवले, की मेदाम्ले जळू लागली की स्नायू ग्लुकोज जाळणे कमी करतो. १९९६ मध्ये येल विद्यापीठातल्या गटाने निरोगी माणसांच्या शिरेतून मेद सोडून पाहिला. काही तासांनी ग्लुकोजचा वापर घटलाच, पण अडथळा रँडल म्हणत त्याच्या अलीकडे, ग्लुकोज पेशीत शिरण्याच्या सुरुवातीच्या पायऱ्यांवर सापडला. तेव्हा ग्रॅहॅम यांचे म्हणणे थट्टेवारी नेण्यासारखे नाही. फक्त शिरेतून सोडलेला मेद आणि मूठभर अक्रोड यांना एका तागडीत घालू नये.

आठवड्यांच्या मापाने पाहायचे तर लंडनच्या हॅरल्ड हिम्सवर्थ यांचे १९३५ चे काम आजही वाचनीय आहे. निरोगी तरुणांना आधी स्निग्धांशाचा भर असलेला आहार देऊन मग ग्लुकोज पाजले, की साखर जास्त चढे. कर्बोदकांच्या आहारानंतर कमी. यावरून लगेच मधुमेहाची भीती घालणारे मला घाईचे वाटतात. शरीर समोर येणाऱ्या इंधनाची तयारी ठेवते, आणि तयारी नसताना आलेले ग्लुकोज सावकाश वापरले जाणे म्हणजे रोग नव्हे.

या विषयातले माझे आवडते प्रकरण बदामाचे. २८ ग्रॅम अख्ख्या बदामांत वेष्टनावरच्या हिशेबाने १७० च्या आसपास उष्मांक असतात. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या शास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये प्रत्यक्ष मोजले, तर शरीराला मिळाले १२९. बदामातले तेल पेशींमध्ये कोंडलेले असते. त्या पेशींची भिंत आपल्या पाचकरसांना फुटत नाही. दात जेवढ्या पेशी फोडतील तेवढ्यांतलेच तेल हाती लागते, बाकीच्या पेशी अखंड बाहेर पडतात. त्याच बदामाचे लोणी केले की ही तफावत जवळजवळ उरत नाही. साखरेच्या बाजूनेही असाच पुरावा आहे. ब्रिस्टलमध्ये १९७७ साली सफरचंद तीन रूपांत दिले: अख्खे, गर करून आणि रस काढून. कर्बोदके तीनही वेळा तेवढीच, पण रसानंतर इन्शुलिन जास्त सुटले आणि मग साखर खाली घसरली. कच्च्या आहाराची सगळी चर्चा चुलीभोवती फिरते. मिक्सरकडे कोणी बघतही नाही. (आपली कोशिंबीर या चर्चेत आणायची तर दाणे भाजलेले असतात, म्हणजे काटेकोर अर्थाने ती कच्चीच नव्हे.)

फळ आणि स्निग्धांश एकत्र आले की जठरात फळ आंबते, हा समज मात्र सोडून द्यावा. जठरातले आम्ल इतके तीव्र असते की तसे आंबवणे तिथे चालत नाही. पोट फुगते ते मोठ्या आतड्यात, न शोषलेले फ्रुक्टोज, सफरचंद-नासपतीतले सॉर्बिटॉल आणि तंतू यांवर जिवाणू काम करतात तेव्हा. स्निग्धांश अगदी वर्ज्य करण्यालाही किंमत आहे. आयोवात २००४ मध्ये सॅलडवर तेलविरहित ड्रेसिंग घातले, तर भाज्यांतली कॅरोटिनॉइड्स जवळजवळ शोषलीच गेली नाहीत. जर्मनीतल्या गीसेनच्या १९९९ च्या अभ्यासात दीर्घकाळ कच्चे खाणाऱ्या ४५ वर्षांखालच्या स्त्रियांपैकी सुमारे ३० टक्क्यांची पाळी अनियमित किंवा बंद झालेली होती. त्यांचे वजन फार घटले होते, म्हणजे दोष एकट्या स्निग्धांशाच्या तुटवड्याचा नाही. गांधीजींनीही १९२९ मध्ये न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग केला आणि पोट बिघडल्यावर तो थांबवला.

इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी पुढची पाने वाचून आपल्या डॉक्टरांना न विचारता ताट बदलू नये. त्यांच्या बाबतीत वेळेचा हिशेब चुकला तर साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. बाकीच्यांनी जठराच्या प्रकरणापासून सुरुवात करावी. ज्यांना जीवरसायनाची धास्ती वाटते, त्यांनी रँडल यांचे प्रकरण मागे ठेवून बदामाचे आधी वाचले तरी काही बिघडत नाही.