लॉस एंजेलिस लेकर्स : १९७१–७२ चा हंगाम

अमेरिकेतील नॅशनल बास्केटबॉल असोसिएशनच्या (एनबीए) स्पर्धेत लॉस एंजेलिस लेकर्स या व्यावसायिक संघाने गाजवलेला हंगाम. नियमित हंगामातील ८२ सामन्यांपैकी ६९ सामने संघाने जिंकले, त्यांतील ३३ सलग. मे १९७२ मध्ये त्याने अजिंक्यपदही मिळवले. हा संघ १९६० मध्ये मिनीॲपोलिस सोडून लॉस एंजेलिसला आला, त्यानंतरचे हे त्याचे पहिले अजिंक्यपद होते.

या यशामागे दीर्घ अपयशाचा इतिहास होता. १९६२ ते १९७० या काळात संघ सात वेळा अंतिम फेरीत पोहोचला आणि सातही वेळा हरला. सहा वेळा बॉस्टन सेल्टिक्सकडून, एकदा न्यूयॉर्क निक्सकडून. गार्ड जेरी वेस्ट या साऱ्या पराभवांचा साक्षीदार होता. १९६९ मध्ये तर अंतिम फेरीतील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान त्याला मिळाला आणि चषक मात्र बॉस्टनला गेला. पराभूत संघातील खेळाडूला हा मान त्यानंतर आजवर मिळालेला नाही.

संघाचे मालक जॅक केंट कुक यांनी १९७१ मध्ये बिल शार्मन यांना प्रशिक्षक नेमले. शार्मन स्वतः सेल्टिक्सचे जुने गार्ड. त्यांनी सहायक म्हणून घेतलेले के. सी. जोन्सही सेल्टिक्सचेच. ज्या संघाने लेकर्सला दशकभर रडवले, त्याचीच खेळण्याची रीत आता लेकर्सच्या कामी आली. रीबाउंड मिळताच चेंडू पुढे फेकायचा आणि प्रतिस्पर्धी सावरण्याआधी बास्केट गाठायची, हे तिचे सूत्र. सामन्याच्या दिवशी सकाळी हलका सराव घेण्याची शार्मन यांची पद्धत पुढे साऱ्या एनबीएने उचलली.

या योजनेचा कणा होता सेंटर विल्ट चेंबरलेन. १९६१–६२ मध्ये सामन्यामागे सरासरी ५०.४ गुण करणारा आणि एका सामन्यात १०० गुणांचा विक्रम नोंदवणारा हा खेळाडू आता पस्तिशीचा होता. शार्मन यांनी त्याच्याकडे गुणांऐवजी बचाव, रीबाउंड आणि अचूक पास मागितले. चेंबरलेनने ते मान्य केले. त्या हंगामात त्याची सरासरी १४.८ गुणांवर उतरली, पण रीबाउंडमध्ये (सामन्यामागे १९.२) आणि नेमबाजीच्या अचूकतेत तो एनबीएत पहिला आला. इतक्या मोठ्या खेळाडूने स्वतःची कीर्ती अशी बाजूला ठेवल्याची उदाहरणे कोणत्याही खेळात फार नाहीत. या हंगामाचे मोठेपण प्रथम तिथे शोधावे. वेस्ट आणि गेल गुडरिच हे दोन गार्ड प्रत्येकी सरासरी २५ हून अधिक गुण करत, तर हॅपी हेअरस्टन चेंबरलेनच्या जोडीने रीबाउंड गोळा करी.

हंगामातील सर्वांत वेदनेचा प्रसंग एल्जिन बेलरच्या निवृत्तीचा. बेलर हा वेस्टच्याही आधीपासून संघात असलेला अलौकिक फॉरवर्ड. दुखापतींनी त्याचे गुडघे निकामी होत आले होते. त्याची जागा तरुण जिम मॅकमिलनला द्यावी, असे शार्मन यांनी ठरवले तेव्हा बेलरने राखीव खेळाडू म्हणून राहण्याऐवजी निवृत्ती पत्करली. तोवर नऊ सामने झाले होते. दुसऱ्याच दिवशी, ५ नोव्हेंबर १९७१ रोजी, लेकर्सने बाल्टिमोर बुलेट्सला हरवले आणि विजयमालिका सुरू झाली.

डिसेंबरमधील सर्व १६ सामने संघाने जिंकले. आधीचा एनबीए विक्रम मिलवॉकी बक्सच्या २० सलग विजयांचा होता; तो १२ डिसेंबरला मोडला. बेसबॉलमधील न्यूयॉर्क जायंट्सचा १९१६ चा २६ सलग विजयांचा विक्रमही मागे पडला. ७ जानेवारीला अटलांटा हॉक्सवर १३४–९० असा ३३ वा विजय मिळाला. दोन दिवसांनी मिलवॉकीत करीम अब्दुल-जब्बारच्या बक्स संघाने १२०–१०४ असा विजय मिळवून ही मालिका खंडित केली.

बाद फेरीत लेकर्सने शिकागो बुल्सला ४–० असे सहज हरवले. खरी कसोटी गतविजेत्या बक्सविरुद्ध लागली. पहिला सामना ७२–९३ असा गमावूनही लेकर्सने ती लढत ४–२ अशी जिंकली. अंतिम फेरीत निक्सविरुद्धही सुरुवात पराभवानेच झाली, पण पुढचे चारही सामने लेकर्सचे ठरले. चौथ्या सामन्यात मनगटाला दुखापत झाली असतानाही चेंबरलेनने ७ मे रोजी पाचव्या सामन्यात २४ गुण आणि २९ रीबाउंड मिळवले. अंतिम फेरीतील सर्वोत्कृष्ट खेळाडू तोच ठरला. वेस्टची नेमबाजी या फेरीत फसत राहिली. तरी त्याच्या कारकिर्दीतले एकमेव अजिंक्यपद हेच.

६९ विजयांचा विक्रम शिकागो बुल्सने १९९५–९६ मध्ये ७२ विजय मिळवून मोडला. ३३ सलग विजयांचा विक्रम अद्याप अबाधित आहे.