जोशी, अरविंद कृष्ण
(५ ऑगस्ट १९२९–३१ डिसेंबर २०१७). भारतीय-अमेरिकन संगणकवैज्ञानिक. भाषेची गणिती व्याकरणे रचून संगणकीय भाषाविज्ञानाचा पाया घालणाऱ्यांपैकी एक. जन्म पुणे येथे. पुणे विद्यापीठाची अभियांत्रिकीतील पदवी (१९५०) व बंगलोर येथील इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सची पदविका (१९५२) मिळविल्यानंतर ते अमेरिकेस गेले. १९६० मध्ये त्यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाची पीएच्.डी. संपादन केली व पुढे तेथेच अध्यापन केले. तत्पूर्वी १९५८-५९ मध्ये झीलिग हॅरिस यांच्या मार्गदर्शनाखाली युनिव्हॅक संगणकावर इंग्रजी वाक्यांचे पृथक्करण करणारी आज्ञावली तयार झाली. त्या कार्यात त्यांचा सहभाग होता.

१९६० च्या सुमारास ‘अल्गॉल’पासून संगणकभाषांची वाक्यरचना संदर्भमुक्त व्याकरणाने सांगण्याची प्रथा पडली. मानवी भाषांना मात्र हे व्याकरण सर्वत्र पुरे पडत नाही. उदा., स्विस जर्मन भाषेत ओळीने येणारी नामे आणि त्यांच्यानंतर त्याच क्रमाने येणारी क्रियापदे यांचे संबंध त्यात बसविता येत नाहीत. उलटपक्षी, व्याकरणास अमर्याद सामर्थ्य दिल्यास पृथक्करण संगणकाच्या आवाक्याबाहेर जाते. जोशी यांनी यांतून मध्यम मार्ग काढला. लेव्ही व ताकाहाशी यांच्यासह १९७५ मध्ये त्यांनी मांडलेल्या व्याकरणात लहान लहान वाक्यवृक्ष हे मूळ घटक असून एका वृक्षाच्या मध्यात दुसरा वृक्ष जोडता येतो. त्यामुळे दूर गेलेल्या पदांचा संबंधही अबाधित राहतो. वाक्याची लांबी दुप्पट झाली असता सर्वसाधारण पद्धतींनी संदर्भमुक्त पृथक्करणाचे श्रम फार तर सुमारे ८ पट, तर या व्याकरणात ६४ पट वाढतात. म्हणजे ते वाढले, तरी आटोक्यात राहतात.

मराठी-इंग्रजी मिश्र भाषणावरील त्यांचा निबंध (१९८२) विशेष उल्लेखनीय आहे. अशा भाषणात एक भाषा यजमान असते. तिच्या वाक्यात परभाषेतील नामे सहज येतात, पण प्रत्यय, शब्दयोगी अव्यये यांसारखे बांधणीचे घटक बदलत नाहीत, असे त्यांनी दाखविले. वरवर अनियमित वाटणारी सरमिसळही नियमबद्ध असते, हे त्यातून स्पष्ट झाले. धुळे-जळगाव भागात अहिराणी व मराठी यांची जी सरमिसळ आढळते, तिलाही ही कसोटी लावून पाहण्यासारखी आहे.

त्यांना रूमेलहार्ट पारितोषिक (२००३) व बेंजामिन फ्रँक्लिन पदक (२००५) हे सन्मान लाभले. फिलाडेल्फिया येथे त्यांचे निधन झाले.