जरीपटका टू बर दुबई

दुबईत होतो तेव्हा बर दुबईतल्या एका सिंधी कापडवाल्याशी मस्त गट्टी जमली होती. मी नागपूरचा कळल्यावर म्हणाला, "अरे, मेरी बुआ जरीपटका में रहती है!" मग काय, दर शुक्रवारी चहा फुकट.

आता थोडा इतिहास. १९४७ च्या फाळणीत सिंध सुटलं, निर्वासित देशभर पांगले. नागपुरात त्यांची वस्ती वसली ती जरीपटक्यात. दुबईत मात्र सिंधी व्यापारी फाळणीच्याही आधीपासून होते. तिथे तेल सापडलं १९६६ मध्ये; तोवर चलनही आपला रुपयाच, १९५९ पासून खास 'आखाती रुपया'. १९६६ च्या अवमूल्यनानंतर दुबईने तो सोडला.

मला सुट्टी मिळाली की मी नागपूर गाठायचो. त्याच्या आजोबांचं गाव मात्र सीमेपलीकडे राहिलेलं. माहेरच्यासारखं विचारायला त्याच्याकडे जरीपटकाच उरला होता.