हस्तलिखित कोणाकडे पाठवावे?

मराठी वाङ्मयाच्या इतिहासग्रंथांत यवतमाळचा उल्लेख बहुधा एका संदर्भापुरता येतो : यशवंत खुशाल देशपांडे, 'महानुभावीय मराठी वाङ्मय', यवतमाळ, १९२५. पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थी हा संदर्भ उतरवून घेतो आणि पुढे जातो. आम्हांस मात्र त्या शीर्षकातील 'वाङ्मय' या शब्दापाशी थोडे थांबावेसे वाटते. ज्या पोथ्यांचा परिचय देशपांडे यांनी करून दिला, त्या लिहिणाऱ्यांच्या लेखी ते वाङ्मय नव्हतेच. ते शास्त्र होते. पंथाने त्याला 'ब्रह्मविद्या' असे नाव दिले होते, आणि जीव, देवता, प्रपंच व परमेश्वर या चार अनादी पदार्थांचा परस्परसंबंध काय, हा त्याचा विषय होता. या विषयावर आज एखाद्या अभ्यासकाने मराठीत नवा विचार मांडला, तर ते हस्तलिखित कोणत्या नियतकालिकाकडे पाठवावे, असा प्रश्न विचारला की उत्तर देताना भलेभले प्राध्यापक अडखळतात. हे अडखळणे नवे आहे. सातशे वर्षांपूर्वी या प्रश्नाला उत्तर होते.

त्या उत्तराची सुरुवात ऋद्धिपुरास झाली. चक्रधरस्वामींच्या उत्तरापंथे गमनानंतर नागदेवाचार्यांभोवती जमलेल्या मंडळींत सराळ्याचे म्हाइंभट होते. पंडित माणूस, चक्रधरांशी वाद घालण्याच्या ईर्षेने आला आणि शिष्य होऊन राहिला. 'लीळाचरित्रा'चा काळ सर्वसाधारणपणे शके १२००, म्हणजे इ. स. १२७८ च्या सुमाराचा मानला जातो. म्हाइंभटांची पद्धत वाङ्मयेतिहासात कौतुकाने सांगितली जाते, पण तिचा अर्थ पुरता लक्षात घेतला जात नाही. नागदेवाचार्य आठवणी सांगत आणि म्हाइंभट लिहून घेत. एवढ्यावर काम संपत नसे. ज्या स्त्रीपुरुषांसमोर ती लीळा घडली त्यांच्याकडे ते गावोगाव जात, त्यांच्या तोंडून ती पुन्हा ऐकत आणि मग मजकूर पक्का करीत. साक्षीदार स्वतः धर्मजिज्ञासू, तपासणाराही पंथातला आणि अखेरची मान्यता आचार्यांची. आज विद्यापीठीय नियतकालिके ज्याला समकक्ष परीक्षण म्हणतात, त्यात परीक्षकाचे नाव झाकलेले असते. येथे ते उघडे होते, एवढाच मोठा फरक. नाव उघडे असण्याचे तोटे आम्हांस ठाऊक आहेत. गुरूच्या शब्दापुढे शिष्य किती बोलणार? तरीही मजकुराला साक्ष हवी आणि ती लेखकाच्या बाहेरची हवी, हे तत्त्व त्या काळी मराठीत रुजले होते हे नाकारता येत नाही.

त्यापुढचे काम केसोबासांचे. त्यांनी चक्रधरांची वचने प्रसंगांतून वेगळी काढून 'सूत्रपाठ' सिद्ध केला. 'दृष्टान्तपाठा'त त्यांनी ११४ दृष्टान्त घेतले आणि प्रत्येकाचे तीन भाग ठेवले : सूत्र, दृष्टान्त व दार्ष्टान्तिक. पहिले दोन चक्रधरांचे, तिसरा केसोबासांचा. मूळ वचन कोठे संपते आणि स्पष्टीकरण कोठे सुरू होते, याविषयी वाचकाच्या मनात संदेह राहू नये अशी ही मांडणी आहे. पुढे 'प्रकरणवश' नावाचा प्रकार निर्माण झाला. त्यात अमुक सूत्र कोणत्या प्रसंगी, कोणास, कशासाठी उच्चारले गेले त्याची नोंद असते. तळटीपा कशा द्याव्यात हे शिकवताना आपण विद्यार्थ्यांच्या हाती इंग्रजी नियमपुस्तिका देतो. त्याऐवजी एकदा प्रकरणवशाची चार पाने द्यावीत, असे आम्ही सुचवू.

याच केसोबासांच्या संदर्भात 'स्मृतिस्थळा'त एक प्रसंग आला आहे. ते संस्कृतचे जाणकार, 'रत्नमालास्तोत्रा'चे कर्ते. सूत्रांचे प्रकरण संस्कृतात बांधावे असे त्यांच्या मनात आले. विद्वानांच्या जगात ग्रंथाला मान मिळायचा तर भाषा तीच हवी, हा हिशेब चुकीचा नव्हता. नागदेवाचार्यांनी नकार दिला. कारण असे दिले की, त्यामुळे पंथातल्या म्हाताऱ्या बायका वंचित होतील. मराठीच्या अभिमानाचे उदाहरण म्हणून हा प्रसंग भाषणांतून फार वापरला गेला आहे. आमच्या मते त्यात अभिमानाचा मुद्दा दुय्यम आहे. ज्या म्हाताऱ्यांचे नाव आचार्यांनी घेतले त्या केवळ श्रोत्या नव्हत्या. अनेक लीळांच्या साक्षी त्याच होत्या. शास्त्र त्यांना न कळणाऱ्या भाषेत गेले असते तर ते तपासण्याचा त्यांचा अधिकारही गेला असता.

परीक्षणाचा निर्णय प्रतिकूल गेल्याचेही उदाहरण आहे. भास्करभट्ट बोरीकरांनी 'शिशुपालवध' लिहून गुरुबंधूंना दाखवला. अभिप्राय आला तो असा की, ग्रंथ चांगला झाला आहे, पण निवृत्तांच्या कामाचा नाही. कवित्वाची तक्रार नव्हती. शृंगाराचे प्रमाण आणि वाचकवर्ग यांची सांगड बसत नव्हती. भास्करभट्टांनी त्यानंतर भागवताच्या एकादश स्कंधावर 'उद्धवगीता' रचली. हा अभिप्राय आम्हांस अन्यायाचा वाटतो. 'शिशुपालवधा'तील रुक्मिणीचा रुसवा वाचलेल्या कोणालाही तसेच वाटेल. पण नापसंती कशासाठी आहे हे लेखकाला दोन शब्दांत, स्पष्ट आणि वेळेवर कळले. ज्यांनी आपले निबंध वर्षवर्षभर संपादकांकडे ठेवले आहेत त्यांना याचे मोल सांगावे लागणार नाही.

म्हाइंभटांची मूळ प्रत मात्र टिकली नाही. परंपरा सांगते की खालशाच्या धाडीत ती गेली, आणि हिराइसादी अनुयायांनी स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा केला. स्मरणे अर्थातच जुळेनात. येथे पंथाने जे केले ते आम्हांस फार महत्त्वाचे वाटते. एकच पाठ खरा ठरवून बाकीचे पुसून टाकण्याऐवजी त्यांनी भिन्न पाठ मजकुरातच नोंदवून ठेवले. भिन्न पाठाला त्यांचा शब्द 'वासना' असा आहे. अमक्याची वासना अशी, तमक्याची तशी, असे सांगत लीळा पुढे सरकते. रोजच्या मराठीत हा शब्द इतका बदनाम झाला आहे की वर्गात तो उच्चारताच हशा पिकतो. पण पाठचिकित्सेसाठी मराठीने स्वतः घडवलेली ही संज्ञा आहे, आणि आपण तिच्या जागी 'पाठभेद' हा पंडिती शब्द वापरून मोकळे होतो.

चौदाव्या शतकातच पोथ्यांवर सांकेतिक लिप्यांचे कुलूप पडले. त्यांतली मुख्य सकळ लिपी; ती रवळोबासांनी सिद्ध केली असे मानतात. कुलूप लावण्यामागे पावित्र्यरक्षणाचा हेतू असेल, परक्यांची धास्ती असेल. परिणाम असा झाला की चर्चा मठांच्या आत चालू राहिली आणि बाहेरच्या मराठी जगाला तिचा पत्ता लागला नाही. पंथाविषयी बाहेर जे गैरसमज पसरले त्यांना या कुलपाने खतपाणी घातले, हेही खरे. विसाव्या शतकाच्या आरंभी किल्ली पंथाबाहेरच्या अभ्यासकांच्या हाती लागली. राजवाडे आणि वि. ल. भावे यांची नावे त्या संदर्भात सर्वांना माहीत असतात; यवतमाळच्या देशपांडे यांचे कार्य त्याच पिढीतले. यवतमाळात नॅरोगेजच्या गाडीने मूर्तिजापुराहून यावे लागे. पुणे-मुंबईच्या संशोधनवर्तुळापासून इतक्या दूर, शारदाश्रमासारखी संस्था उभी करून देशपांडे यांनी पोथ्या जमवल्या, वाचल्या, ग्रंथकारांची आणि ग्रंथांची संगती लावली. १९२५ च्या त्या पुस्तकाने एक बंद दालन उघडले. पुढे नागपुरात हरि नारायण नेने यांनी 'लीळाचरित्र' छापले आणि वि. भि. कोलते यांचे संपादन १९७८ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केले.

या कार्याचे ऋण मान्य करूनच आम्ही पुढचे म्हणतो. दालन उघडले ते वाङ्मयाच्या बाजूने. पोथ्या मराठी विभागांच्या हाती आल्या आणि मराठी विभागांनी त्यांना आपले प्रश्न विचारले : आद्य गद्याची वैशिष्ट्ये कोणती, यादवकालीन समाजजीवन कसे दिसते, विभक्तिप्रत्यय कोणते. प्रश्नपत्रिका काढणाऱ्या कोणालाही ही यादी पाठ असते. परमेश्वराचे 'सन्निधान' संपल्यावर 'असन्निधाना'त साधकाने कसे जगावे हा त्या ग्रंथांचा जिवाचा प्रश्न आहे. त्यावर दहा गुणांची टीप आमच्या पाहण्यात कधी आली नाही. संतकवितेच्या बाबतीत निदान तत्त्वज्ञानाचे एक प्रकरण असते. महानुभावांना आपण गद्यकार करून टाकले.

त्याच यवतमाळात धर्मशास्त्राचा दुसरा एक अभ्यास वेगळ्या वाटेने उभा राहत होता. फ्री मेथडिस्ट मिशनचे तेथे काम होते. १९५३ साली यवतमाळात युनियन बिब्लिकल सेमिनरी स्थापन झाली आणि १९८३ मध्ये पुण्यास हलेपर्यंत, म्हणजे तीस वर्षे, ती तेथे होती. देशभरातून विद्यार्थी येत, म्हणून शिकवणे इंग्रजीत. तेथे अध्यापन केलेले न्यूझीलंडचे ब्रूस निकोल्स हे १९७७ साली सुरू झालेल्या 'इव्हँजेलिकल रिव्ह्यू ऑफ थिऑलॉजी' या नियतकालिकाचे पहिले संपादक. भारतापुरते 'इंडियन जर्नल ऑफ थिऑलॉजी' १९५२ पासून निघत होतेच. त्याचा संबंध सेरामपूरच्या परंपरेशी, त्याच बंगालातील सेरामपूरशी, जेथे केरीने पंडित वैजनाथांच्या साहाय्याने १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण छापले. मराठी ख्रिस्ती विचाराची स्वतःची जागा 'ज्ञानोदया'त होती. १८४२ पासून तेथे बाबा पदमनजी, ना. वा. टिळक यांच्यासारखी माणसे मराठीतच वाद घालीत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विद्वज्जनांचे धर्मशास्त्र इंग्रजीत आणि मंडळीतील प्रवचन मराठीत, अशी वाटणी होऊन गेली. देशपांडे १९७० साली वारले. म्हणजे सतरा वर्षे एकाच गावात एकीकडे मराठी ब्रह्मविद्येच्या पोथ्या आणि दुसरीकडे इंग्रजी धर्मशास्त्राचे वर्ग नांदत होते.

महानुभाव विचारावरील चर्चाही याच सुमारास इंग्रजीकडे वळली. रेसाइड यांची महानुभाव ग्रंथांची सूची लंडनच्या प्राच्यविद्या संस्थेच्या बुलेटिनमध्ये १९६० साली आली आणि पंथावरील त्यांचा लेख तेथेच १९७६ मध्ये. ॲन फेल्डहाउस यांचे 'सूत्रपाठा'वरील पुस्तक १९८३ चे. ही कामे उत्तम आहेत, आणि ती मराठीत का झाली नाहीत याचा जाब त्यांच्या लेखकांना विचारण्यात अर्थ नाही. परंतु अशा नियतकालिकासाठी हस्तलिखित तयार करणे म्हणजे काय, हे एकदा पाहावे. शब्दमर्यादा, सारांश, बीजशब्द, लेखकाची ओळख पटवणारा प्रत्येक उल्लेख काढून टाकणे, रोमन लिप्यंतराची एकच पद्धत शेवटपर्यंत पाळणे. हे सगळे सवयीने जमते. अडते ते संज्ञांपाशी. 'देवता' या शब्दासाठी इंग्रजी प्रतिशब्द घातला की वाचकासमोर पूज्य दैवते उभी राहतात. महानुभाव मतात तर देवता मोक्ष देऊच शकत नाहीत. 'अवतार' शब्दाला तिकडचा रूढ प्रतिशब्द वापरला तर ख्रिस्ती परंपरेतील एकमेव देहधारणाचा सारा अर्थभार त्याच्याबरोबर येतो, आणि पंचकृष्णांची कल्पना परीक्षकाला विसंगत वाटू लागते. गंमत अशी की मराठी ख्रिस्ती लेखकांनी हा धोका ओळखून 'अवतार' टाळून 'देहधारण' हा शब्द पसंत केला होता. त्यांना आपला सिद्धान्त मराठीत तपासून घ्यायचा होता, म्हणून शब्दाची ही चिकित्सा झाली.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये केअर यादी आणली तेव्हा मराठीतील नियतकालिके यादीत येण्यासाठी धावली. फेब्रुवारी २०२५ मध्ये ती यादीच आयोगाने रद्द केली आणि नियतकालिकाचा दर्जा ठरवण्याची जबाबदारी संस्थांवर टाकली. मधल्या काळात, २०२४ मध्ये, रिद्धपुरास मराठी भाषा विद्यापीठाचा आरंभ झाला आणि महानुभाव साहित्याचे अभ्यासक अविनाश आवलगावकर त्याचे पहिले कुलगुरू झाले. म्हाइंभटांनी जेथे लेखणी उचलली तेथेच ब्रह्मविद्येला वाहिलेले, परीक्षित निबंध छापणारे एक मराठी नियतकालिक निघू शकते. अडचण पैशाची कमी आणि परीक्षकांची जास्त आहे. परीक्षक मठातला असावा की विद्यापीठातला? मठातल्या वासनिकाला 'असन्निधान' म्हणजे काय हे आचरणातून ठाऊक असते, पण ज्यात पंथाचे मत खोडले आहे असा निबंध तो पुढे जाऊ देईल का? विद्यापीठातला प्राध्यापक तो जाऊ देईल, पण सूत्राचा अर्थ चुकला आहे हे त्याच्या ध्यानात येईल याची शाश्वती कोण देणार? दोघांचेही अभिप्राय, नावानिशी, वासनांसारखे निबंधाखालीच छापावेत असा एक मार्ग आम्हांस सुचतो. पहिल्या अंकाची पाने त्यामुळे दुप्पट होतील.