निर्वासितांबरोबर काय येतें?

परक्या मुलखांतून जीव बचावून आलेला माणूस दाराशीं उभा राहिला, म्हणजे त्याला आधीं पाणी द्यावें कीं त्याच्या अंगांत ताप आहे काय हें आधीं पाहावें, हा प्रश्न राज्यकर्त्यांस फार पूर्वीपासून पडत आला आहे. एड्रियाटिक समुद्राकांठच्या रागूझा शहरानें १३७७ सालीं त्याचें उत्तर कायद्यानें देऊन टाकलें. प्लेगच्या मुलखांतून येणाऱ्यानें तीस दिवस शहराबाहेर काढावेत, मग आंत यावें. तेव्हांपासून परका आणि रोग यांची जोडी लोकांच्या मनांत जी जुळली ती अद्याप फुटलेली नाहीं. ही समजूत सर्वस्वी निराधार आहे असें माझें म्हणणें नाहीं. रोग माणसांबरोबर प्रवास करतात हें खरेंच आहे. पण तो प्रवास कोणत्या दिशेनें झाला, हें पाहिल्यावांचून कोणास दोष देऊं नये. या दृष्टीनें १९७१ सालीं आपल्याच देशांत जें घडलें त्याचा वृत्तांत श्रोत्यांपुढें ठेवण्याचें मीं योजिलें आहे.

त्या वर्षाच्या २५ मार्चच्या रात्रीं पाकिस्तानी सैन्यानें डाक्का शहरांत कत्तल आरंभिली आणि पूर्व बंगालांतील माणसें सीमेकडे धांवूं लागलीं. वर्षअखेरपर्यंत भारत सरकारच्या नोंदींतला निर्वासितांचा आंकडा एक कोटीच्या घरांत गेला. त्यांतले बहुसंख्य एकट्या पश्चिम बंगालांत राहिले. शाळा, देवळें, झाडांखालची जागा, जेथें आडोसा मिळाला तेथें बिऱ्हाडें पडलीं. आणि अशांत पावसाळा सुरू झाला. सीमेवरच्या केंद्रांत नांव लिहून घ्यावें, धान्याची चिठी द्यावी आणि दंडावर लस टोचावी, असा क्रम होता. पटकी आणि देवी या दोन रोगांची धास्ती सर्वांत मोठी होती.

परंतु दारावरची तपासणी काय पाहूं शकते आणि काय पाहूं शकत नाहीं, हें नीट समजून घेतलें पाहिजे. देवीचा संसर्ग झाल्यापासून ताप येईपर्यंत सुमारें बारा दिवस जातात. तेवढ्या अवधींत तो मनुष्य धडधाकट दिसतो, चालतो, ओझीं उचलतो. पटकीची गोष्ट याहून अवघड. जंतु पोटांत गेलेल्यांपैकीं बहुतेकांस रोग होतच नाहीं, किंवा झाला तर साध्या हगवणीसारखा होऊन जातो. मात्र त्यांच्या मळावाटे जंतु बाहेर पडत राहतात. अशा माणसास नाक्यावरचा डॉक्टर ओळखणार कसा? त्या काळची पटकीची लस संरक्षण देई तें कांहीं महिनेच, आणि तेंहि अर्धवट. १९७३ सालीं जागतिक आरोग्य परिषदेनें प्रवाशांकडून तिचा दाखला मागण्याची पद्धतच बंद केली. सुई टोचल्यानें कांहींतरी केल्याचें समाधान मिळतें; तें टोचून घेणाऱ्यापेक्षां टोचविणाऱ्या सरकारास अधिक मिळतें.

आणि पटकी कोणी आणली, हा प्रश्न तरी काय उपयोगाचा होता? गंगेच्या मुखाजवळचा तो सारा प्रदेश, सीमेच्या अलीकडचा तसाच पलीकडचाहि, या रोगाचें जुनें माहेरघर आहे. लाखों माणसें एकाच डबक्याचें पाणी पिऊं लागलीं, तेव्हां रोगाला बाहेरून येण्याची गरज उरली नाहीं.

जेसोरकडे जाणाऱ्या रस्त्यावर बनगांव म्हणून सीमेलगतचें एक गांव आहे. त्याच्या आसपास साडेतीन लाख निर्वासित सांचले होते. तेथील रुग्णालयांत पटकीच्या रोग्यांसाठीं दोन खोल्या होत्या आणि खाटा होत्या अवघ्या १६. जूनच्या अखेरीस कलकत्त्याच्या जॉन्स हॉपकिन्स संशोधन-केंद्रांतले डॉ. दिलीप महालनोबिस आपले सहकारी घेऊन तेथें पोंचले. खोल्यांची जमीन रोग्यांनीं भरून गेली होती आणि शिरेंतून सलाईन देण्यासाठीं डॉक्टरांस त्या घाणींत गुडघे टेकून बसावें लागे. सलाईन पुरेना आणि तें देणारे शिकलेले हातहि पुरेनात. तेव्हां डॉक्टरांनीं एक लिटर पाण्यास २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ आणि २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा या प्रमाणाच्या पुड्या कलकत्त्यास बांधविल्या, नळाच्या तोट्या असलेल्या पिंपांत तें पाणी कालविलें आणि पेले रोग्याच्या आईच्या, भावाच्या, नवऱ्याच्या हातीं दिले. साखरेच्या सोबतीनें मीठ आणि मिठामागून पाणी आंतड्यांतून रक्तांत शिरतें; पटकीनें ही वाट बंद होत नाहीं. शेंकडा ३० पर्यंत गेलेलें मृत्युमान त्या केंद्रांत शेंकडा ३.६ वर आलें. असे रुग्ण तीन हजारांहून अधिक होते. हें पाणी घरीं कसें करावें याची माहिती बांगलादेशच्या गुप्त नभोवाणी-केंद्रावरूनहि सांगितली जाई, याचा उल्लेख नभोवाणीवर बोलतांना टाळवत नाहीं.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. तोंडावाटें पाणी पाजून पटकी बरी होते हें दाखविणारे महत्त्वाचे प्रयोग १९६८ सालीं डाक्क्याच्याच संशोधनशाळेंत झाले होते, आणि महालनोबिस हेहि जन्मानें पूर्व बंगालांतल्या किशोरगंजचे. तेव्हां निर्वासित ज्या मुलखांतून आले, त्या मुलखांतून औषधहि आलें होतें.

आतां देवीकडे वळूं. पूर्व बंगालांत देवीचा शेवटचा ज्ञात रोगी ऑगस्ट १९७० मध्यें नोंदला गेला. म्हणजे निर्वासित आले ते देवीमुक्त प्रांतांतून. आणि ज्या आपल्या देशाच्या आश्रयास ते आले, तेथें देवी अजून सुखानें नांदत होती. बहुतेक छावण्यांत देवीची लस टोचण्याचें काम आणि नव्या रोग्यावर नजर ठेवण्याचें काम चांगलें झालें, व त्या सुरक्षित राहिल्या. अपवाद झाला कलकत्त्याच्या पूर्वेस, भर घालून उंच केलेल्या सॉल्ट लेकच्या मैदानावरील छावणीचा. दोन लाखांवर माणसें तेथें होतीं. गटारांसाठीं आणून ठेवलेल्या सिमेंटच्या नळांतसुद्धां कुटुंबें राहत होतीं. १९७१ च्या नोव्हेंबरांत तेथें फोड उठलेले रोगी दिसूं लागले. कांजिण्या, असें निदान झालें.

देवी आणि कांजिण्या यांतला भेद आपल्याकडील जुन्या आज्यांना पुस्तकावांचून कळत असे. कांजिण्या अंगाच्या धडावर दाट उठतात आणि त्यांत कोवळे, पिकलेले, खपली धरलेले असे सर्व प्रकारचे फोड एकाच वेळीं दिसतात. देवीचे फोड तोंडावर, हातापायांवर, तळव्यांवर उठतात आणि सारे एकाच वयाचे असतात. एवढें पाहण्यास प्रयोगशाळा लागत नाहीं. रोग्यापाशीं उभें राहून त्याच्याकडे पाहावें लागतें. सॉल्ट लेकांत तें कोणीं पाहिलें नाहीं. पाहिलें तें १९७२ च्या जानेवारींत, हजारों मैलांवर, अमेरिकेंतल्या एका साथरोगतज्ज्ञानें. दूरचित्रवाणीवर या छावणीचीं दृश्यें चाललीं असतां त्यांतल्या रोग्याचे फोड देवीचे आहेत हें त्यानें ओळखलें आणि जागतिक आरोग्य संघटनेस कळविलें.

तोंवर उशीर झाला होता. १६ डिसेंबर १९७१ रोजीं युद्ध संपलें, बांगलादेश स्वतंत्र झाला आणि माणसें आनंदानें घरीं परतूं लागलीं. येतांना ज्यांच्या नोंदी झाल्या, ज्यांचे दंड तपासले गेले, तींच माणसें जातांना आमच्या छावणींतली देवी घेऊन गेलीं. नवजात देशाजवळ ना रस्ते धड, ना पूल, ना पुरेसे वैद्य. साथ खेड्यापाड्यांत पसरली. १९७३ या एका सालांत नोंदलेले रोगीच ३२ हजारांवर गेले.

ती साथ विझण्यास १९७५ चा ऑक्टोबर उजाडला. भोला बेटावरील कुरालिया गांवीं एका तीन वर्षांच्या मुलीस फोड उठले. या खेपेस निदान चुकलें नाहीं. त्या घरावर रात्रंदिवस पहारा बसला आणि भोंवतालच्या सर्व माणसांस घरोघर जाऊन लस टोचण्यांत आली. मुलगी बरी झाली. उग्र देवीची निसर्गतः लागण झालेली जगांतली ती शेवटची रोगी ठरली.